ज्ञानाची वतनदारी

जगात एक धंदा असा आहे की ज्यात माल बनवणारा मजुरी मागत नाही, माल तपासणारा मजुरी मागत नाही, आणि तयार मालाचं बिल पुन्हा त्याच दोघांच्या दारात येऊन पडतं. ह्या धंद्याचं नाव विज्ञानाचं प्रकाशन. संशोधन होतं सरकारच्या पैशावर. सरकारचा पैसा म्हंजे कुणाचा? साबणाची वडी घेताना कर भरणाऱ्या तुमच्या-माझ्या आईचा. त्या पैशावर प्रयोग होतात, निबंध लिहिला जातो, तो परदेशातल्या एका कंपनीच्या नियतकालिकाला फुकट दिला जातो. वर हक्कही लिहून द्यायचे. दुसरे दोन-तीन शास्त्रज्ञ तो फुकट तपासून देतात. मग कंपनी त्याला कुलूप घालते आणि किल्लीचं भाडं मागते. भाडं पुन्हा सरकारी तिजोरीतून.

हा विषय मी आपल्या एका बैठकीत काढला तेव्हा एक कार्यकर्ता सरळ म्हणाला, "सर, इथं वस्तीत नळाला पाणी नाही, स्कॉलरशिपा अडल्यात, अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, आणि तुम्ही नियतकालिकांचं काय घेऊन बसलात? ती त्यांची आपसातली भांडणं." टाळ्याही पडल्या. मला त्या टाळ्यांचा राग आहे. कारण जे आपलं नाही असं आपण म्हणतो ते आपलं नाही असं त्यांनाही वाटतंच. रोहित वेमुलाला विज्ञानाचा लेखक व्हायचं होतं. हैदराबादच्या विद्यापीठात त्याची फेलोशिप महिनोन् महिने थांबली होती आणि जानेवारी २०१६ मधे तो गेला. त्याचे फोटो आपण मोर्च्यात नाचवले. त्याला काय लिहायचं होतं, ते कुठं छापलं गेलं असतं आणि छापायला किती लागलं असतं, हे आपण एकदाही विचारलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आधी धंदा समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका-युरोपातली सरकारं विज्ञानावर पैसा ओतायला लागली. ते ज्याला सगळ्यात आधी दिसलं तो रॉबर्ट मॅक्सवेल. हा माणूस स्वतः चेकोस्लोव्हाकियातल्या एका कंगाल ज्यू घरातला, घरातली बहुतेक माणसं नाझींनी मारलेली. १९५१ मधे त्यानं पर्गमॉन प्रेस हातात घेतली. त्यानं ओळखलं ते एवढंच: गावात वाणी दोन असले तर भाव करता येतो, पण एक निबंध दुसऱ्या निबंधाच्या ऐवजी चालत नाही. ज्या लेखात तुमच्या प्रयोगाची मेख आहे तोच लेख तुम्हाला लागतो. म्हंजे प्रत्येक नियतकालिक ही एक छोटी मक्तेदारी. जितकी नियतकालिकं काढाल तितक्या मक्तेदाऱ्या. ग्रंथपालाला नाही म्हणायची सोय नाही. १९९१ मधे मॅक्सवेलनं पर्गमॉन एल्सव्हिअर ह्या डच कंपनीला ४४ कोटी पौंडांना विकली. त्याच वर्षी तो समुद्रात मेला, आणि मग कळलं की आपल्या वर्तमानपत्रांतल्या कामगारांच्या पेन्शनचा पैसाही त्यानं खाल्ला होता. लहानपण भुकेत गेलं म्हणून माणूस मोठेपणी भुकेल्यांचा होतोच असं नाही, हे आपल्यालाही चांगलं ठाऊक आहे. आपल्यातही असे आहेत.

एल्सव्हिअरचा विज्ञान-प्रकाशनातला नफा आज शंभर रुपयांच्या विक्रीत सदतीस-अडतीस रुपयांच्या घरात असतो. किराणा दुकानदाराला विचारा त्याला किती सुटतात. २०१३ साली जगात छापलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त फक्त पाच मोठ्या प्रकाशकांच्या हातात होते. हार्वर्डसारखं कुबेराचं विद्यापीठ २०१२ मधे म्हणालं की हे दर आम्हाला झेपत नाहीत. हार्वर्डला झेपत नाही, तिथं नांदेड-परभणीच्या कॉलेजनं काय करावं?

आणि तपासणारे फुकट का तपासतात? मान वाटतो म्हणून. इथं मला आपलं जुनं दुखणं आठवतं. महार वतन. रात्रंदिवस राबायचं, सरकारचा सांगावा पोचवायचा, बदल्यात मूठभर बलुतं आणि जमिनीचा तुकडा, पण 'आमचं वतन आहे' ह्या मानापायी सुटता सुटेना. बाबासाहेबांनी १९२८ मधे मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल मांडलं तेव्हा त्यांना सरकारशी लढावं लागलं, आणि आपल्याच माणसांची समजूतही घालावी लागली. परदेशी संपादकाचं पत्र आलं की आमच्या विद्यापीठातले मोठमोठे प्राध्यापक रजेच्या दिवशी बसून फुकट तपासणी करतात आणि ते पत्र बायोडाटात लावतात. ही वेठच आहे. फक्त घोंगडीच्या जागी टाय आहे.

आता सन १९१७ कडे चला. त्या एका सालात दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोन्ही आपल्या पोरांना कुणी शेजारी ठेवून शिकवल्या नाहीत.

पहिली मेघनाद साहांची. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा मुलगा. जात साहा, बंगालात खालची मानलेली. कलकत्त्याच्या हिंदू होस्टेलात वरच्या जातीची पोरं त्याला पंगतीला घेत नव्हती, जेवण वेगळं. हा माणूस पुढं ताऱ्यांचा प्रकाश वाचायची किल्ली जगाला देणार होता. १९२० मधलं त्याचं आयनीभवनाचं समीकरण आजही ताऱ्यांच्या अभ्यासाचा पाया आहे. पण त्याच्या आधी, १९१७ मधे, त्यानं प्रकाशाच्या दाबाबद्दलचा एक निबंध अमेरिकेतल्या 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'कडे पाठवला. उत्तर आलं: निबंध लांब आहे, छपाईच्या खर्चातला वाटा तुम्ही उचललात तर छापू. साहा तेव्हा कलकत्त्यात तुटपुंज्या पगारावर शिकवत होते, घरची माणसं त्यांच्या जिवावर. कुठून देणार? निबंध कलकत्ता विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला, आणि तिकडं पश्चिमेत तो कोण वाचणार? पुढं हीच कल्पना दुसऱ्यांच्या नावानं चालू लागली. साहांनी नंतर एका पत्रात लिहून ठेवलंय की ह्या कल्पनेचा जनक म्हणून मी हक्क सांगू शकतो. म्हंजे हे तेव्हाच त्यांच्या मनाला लागलं होतं.

लक्षात घ्या. पंगतीतून उठवणारे कलकत्त्याचे होते आणि छपाईचं बिल पाठवणारे अमेरिकेचे. तिकडच्यांना त्यांची जात माहीतही नसेल. पण परिणाम तोच. आमचे डावे मित्र फक्त दुसरा दरवाजा बघतात, आपण फक्त पहिला. साहांना दोन्ही दरवाज्यांत उभं राहावं लागलं.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. १९१६ मधे कोलंबियात त्यांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला आणि मे १९१७ मधे तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. हे आपण सगळे सांगतो. पण त्याच १९१७ मधे त्यांचा पीएचडीचा प्रबंध कोलंबियानं स्वीकारला आणि पदवी हातात पडली कधी? १९२७ मधे. कारण नियम असा, की प्रबंधाच्या छापील प्रती दाखल करा, मग पदवी. लंडनच्या पी. एस. किंग कंपनीनं १९२५ मधे तो प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ छापला, तेव्हा पुढची वाट मोकळी झाली. दहा वर्षं! अभ्यास पुरा, मान्यता पुरी, आणि माणूस छापखान्याच्या दाराशी. १९३६ मधे 'जातिनिर्मूलना'चं भाषण लाहोरच्या मंडळानं नाकारलं तेव्हा मात्र त्यांनी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही असं ठरवलं. स्वतःच्या खर्चानं पंधराशे प्रती काढल्या. दोन महिन्यांत संपल्या.

तर १९१७ मधे साहांना आलेलं बिल गेलं कुठं? गेलं नाही. ते आता नियमच झालंय.

२००१ च्या अखेरीस बुडापेस्टला काही भली माणसं जमली आणि २००२ मधे म्हणाली, विज्ञान सगळ्यांना वाचायला मोकळं करा. चांगली गोष्ट. पण कंपन्या काय झोपल्या होत्या? त्या म्हणाल्या, ठीक, वाचणाऱ्याकडून घेत नाही, लिहिणाऱ्याकडून घेतो. कुलूप काढलं आणि वेशीवर जकात बसवली. २०२० च्या अखेरीस 'नेचर'नं एका खुल्या निबंधाचा दर जाहीर केला: ९,५०० युरो. तेव्हाच्या दरानं साडेआठ लाखांच्या आसपास. आजची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना ३७,००० रुपये. म्हंजे पोरानं जवळजवळ दोन वर्षं हवा खाऊन जगायचं आणि सगळी फेलोशिप एका निबंधावर ओवाळून टाकायची. फार गरीब देशांना सूट असते. भारताला मात्र ह्या सवलतींच्या याद्यांतून वगळलेलं असतं, कारण देशाची एकूण अर्थव्यवस्था मोठी. देश मोठा, म्हणून पारधी वस्तीतला संशोधकही मोठा! अंबानींची बेरीज करून सरासरी काढली की आपण सगळे श्रीमंत. आणि ज्यांना सूट मिळते त्यांची तरी काय खात्री? जानेवारी २०११ मधे काही कंपन्यांनी बांगलादेशचा फुकट प्रवेश अचानक काढून घेतला. जगभर ओरड झाली तेव्हा परत दिला. दान असंच असतं. हातावर वरून टाकतात, स्पर्श न करता.

माझं सांगतो, थोडक्यात. मी रसायनशास्त्रातला. २०१९ मधे माझा निबंध एका परदेशी नियतकालिकानं स्वीकारला आणि पाठोपाठ अठराशे डॉलरचं पत्र. आई तेव्हा दुसऱ्याच्या रानात दीडशे रुपये रोजानं खुरपायला जात होती. मी सवलत मागितली. उत्तर आलं, तुमचा देश यादीत नाही. मग तो निबंध बिनपैशाच्या, म्हंजे कुलूपवाल्या नियतकालिकाकडे नेला. चौदा महिन्यांनी छापून आला. काही दिवस लिंक उघडी होती, नंतर बंद. मी ज्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो तिथं ते नियतकालिक येत नव्हतं. मुलाखतीला प्रत लावायची म्हणून मी माझाच निबंध उघडायला गेलो तर पडद्यावर आकडा आला, इतके डॉलर भरा. माझाच! विहीर खणायला आम्ही, गाळ काढायला आम्ही, आणि पाणी लागलं की लांब व्हा.

आपल्याकडं पर्याय नव्हता असं मात्र कुणी सांगू नये. २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन. शाळेशाळेत भाषणं होतात. रामन यांचा तो शोध १९२८ मधे कुठं सविस्तर छापला गेला हे कुणी सांगत नाही. 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मधे. कलकत्त्यात. प्रती छापून त्यांनी जगभर धाडल्या आणि दोन वर्षांत नोबेल आलं. रामन काही आमचे नव्हेत, आणि सगळ्यांना रामन यांच्यासारखी साधनं नव्हती हे साहांच्या गोष्टीवरून उघडच आहे. पण खरं ते खरं. देशी कागदावरचं विज्ञानही जग वाचतं, वाचायला भाग पाडलं तर. आज तेच नियतकालिक स्प्रिंगरमार्फत निघतं. स्वदेशीच्या नावानं गळा काढणाऱ्यांनी ह्यावर कधी मोर्चा काढल्याचं ऐकलं नाही.

उलट केलं काय? मोजणी. फिलाडेल्फियातल्या गारफिल्ड नावाच्या माणसानं १९६४ मधे कुणाचा निबंध कुणी उल्लेखला ह्याची सूची काढली. ग्रंथपालांना उपयोगी गोष्ट होती. पण पुढं नियतकालिकाच्या 'इम्पॅक्ट फॅक्टर'वरून माणसाची लायकी ठरायला लागली. माणूस काय म्हणतो ते वाचायची गरजच उरली नाही, तो कुठं जन्मला तेवढं बघायचं. निबंधाचीसुद्धा जात! आणि यूजीसीनं २०१० मधे बढतीसाठी गुण लावले: इतके निबंध, इतके गुण. प्रयोगशाळा नाही, ग्रंथालयात दहा वर्षांपूर्वीची पुस्तकं, आठवड्याला वीस तास, वर निवडणुकीची ड्यूटी. आणि निबंध द्या. मग बाजार उभा राहिला. दोन-पाच हजार घ्या, आठ दिवसांत छापून देतो, नाव 'इंटरनॅशनल'. २०१८ मधे यूजीसीला स्वतःच्याच यादीतून चार हजारांवर नियतकालिकं काढून टाकावी लागली. पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्या यादीतली हजारभर नियतकालिकं तपासली होती. शंभरातली अठ्ठ्याऐंशी कसाला उतरली नाहीत. हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला २०१९ मधे अमेरिकेच्या कोर्टानं पाच कोटी डॉलरचा दंड ठोठावला. मग 'केअर' नावाची नवी यादी आली. २०२५ मधे तीही गेली. आता विद्यापीठांनी आपलं आपण बघावं.

ह्यात बदनाम कोण झालं? तालुक्याचा मास्तर. त्यात आपले किती होते हे मला ठाऊक आहे, त्यांची घरं ठाऊक आहेत. पहिल्या पिढीची नोकरी, घराचं कर्ज, धाकट्या भावाचं शिक्षण. त्यांनी पैसे देऊन छापलं हे वाईटच, मी त्याची भलामण करत नाही. त्या कचऱ्यानं आपल्या पोरांच्या डोळ्यांदेखत विज्ञानाची थट्टा झाली. पण मग मोठ्या घरचं बघा. अमेरिकेच्या वायली कंपनीची हिंदावी ही शाखा. २०२३ ह्या एका वर्षात तिला आठ हजारांवर निबंध मागं घ्यावे लागले. बनावट! तिला कुणी गावंढळ म्हणालं नाही. कंपनीनं ते नाव पुसून टाकलं आणि धंदा चालू. हजार रुपयांत घाण छापली तर लुच्चेगिरी, हजार डॉलरात छापली तर चूक.

आता ताजी गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मधे केंद्र सरकारनं 'एक देश एक वर्गणी' मंजूर केली. २०२५ ते २०२७ अशा तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० सरकारी संस्था. आपल्या काही प्राध्यापक संघटनांनी पेढे वाटले. आता गडचिरोलीचं पोरगं आणि आयआयटीचं पोरगं एकच वाचणार म्हणे. वाचता येतंय ते वाचा, मी नको म्हणत नाही. आयुष्यभर दारात उभं राहिलेल्यानं दार उघडल्यावर तत्त्वज्ञान सांगू नये. पण हिशेब तर कराल? रोजचे साडेपाच कोटी रुपये. शिक्षणसंस्थांत कुठल्या? सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या. खाजगी संस्थेच्या कॉलेजातला पोरगा, संशोधन करणारा पण नोकरी नसलेला, आपल्या वस्तीतला अभ्यासिका चालवणारा कार्यकर्ता, हे कुठं आहेत? विहीर विकत घेतली नाही, पाणी विकत घेतलं, तेही तीन वर्षांचं. आणि ही झाली मुख्यतः वाचायची सोय. छापायची जकात वेशीवर तशीच उभी.

ठरावानं पाणी मिळत नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं १९२४ मधे. कागदावर तळं तीन वर्षं खुलं होतं, आणि आपल्या एकाही माणसाची ओंजळ भिजली नव्हती, २० मार्च १९२७ उजाडेपर्यंत.

कझाकस्तानातल्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान नावाच्या पोरीनं २०११ मधे 'साय-हब' काढलं आणि जगभरचे कुलूपबंद निबंध खुले टाकले. मी तिथून वाचलं. तुमच्यातल्या प्रत्येक विज्ञानवाल्यानं वाचलं. हे चोरून सांगायची गोष्ट नाही. डिसेंबर २०२० मधे एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि ऑगस्ट २०२५ मधे कोर्टानं ते इथं बंद करायचा आदेश दिला. त्याच कोर्टात ह्याआधी दुसरंही घडलंय. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस ह्या कंपन्यांनी २०१२ मधे दावा लावला. विद्यार्थी आणि शिक्षक त्या दुकानदाराच्या बाजूनं उभे राहिले, कोर्टात गेले, आणि सप्टेंबर २०१६ मधे निकाल लागला की शिकवण्यासाठी काढलेली झेरॉक्स हा गुन्हा नाही. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यातच ती जागा आहे. पहिल्या लढाईत विद्यार्थी संघटित होते, दुसऱ्यात आपण मोबाइलवर हळहळलो. मला हा फरक जज्जांपेक्षा आपल्यातला जास्त वाटतो.

आणि हे फक्त रडगाणं नाही. ब्राझीलनं १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सायेलो' उभं केलं. मेक्सिकोच्या एका सरकारी विद्यापीठानं २००३ मधे 'रेडालिक'. लॅटिन अमेरिकेतली शेकडो नियतकालिकं तिथं वाचणाऱ्याकडून पैसा न घेता चालतात. लिहिणाऱ्याकडूनही बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. सरकार आणि विद्यापीठं खर्च उचलतात. आणि भाषा? स्पॅनिश, पोर्तुगीज. कुणी त्यांना मागास म्हणालं नाही, म्हणालं तरी त्यांनी ऐकलं नाही. निबंधांच्या संख्येत भारत आज जगात तिसरा आहे. तिसऱ्या नंबरचा मजूर स्वतःचा कारखाना का काढत नाही?

इंग्रजीचं तर वेगळंच. २०२३ मधे आठ देशांतल्या नऊशेवर शास्त्रज्ञांची पाहणी छापून आली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांचे निबंध केवळ भाषेपायी अडीचपट जास्त नाकारले जातात. ह्यात आपला वाटा आणखी वेगळा. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या पोरालाही इंग्रजी परकीच, पण त्याच्या घरात ती तीन पिढ्या पाहुणी आलेली असते. आपल्याकडं ती वॉरंटासारखी येते.

तर मागण्या. सरकारी पैशानं झालेला प्रत्येक निबंध छापल्या दिवशी विद्यापीठाच्या खुल्या जागेत ठेवला गेला पाहिजे. गांधीनगरच्या 'शोधगंगे'त प्रबंध ठेवता येतात तर निबंध का नाहीत? ६,००० कोटींच्या करारांतल्या अटी जाहीर करा. त्यातला काही हिस्सा तोडून देशी, फुकट छापणारी, कडक तपासणारी नियतकालिकं उभी करा. फेलोशिप वेळेवर द्या. नेमणुकीच्या मुलाखतीत यादी मोजू नका, एक निबंध समोर ठेवा आणि त्यावर बोला. बघू कोण बोलतो. ही पत्रकं पुढच्या सिनेट निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराच्या हातात गेली पाहिजेत. आपल्या उमेदवाराच्या आधी.

आणि एक काम सरकारशिवाय होण्यासारखं आहे. ६ डिसेंबरला दादरला आणि दसऱ्याला नागपूरला आपली माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. त्या स्टॉलांवर विज्ञान नाही. आपल्यातल्या विज्ञानातल्या पीएचड्या आता थोड्याथोडक्या नाहीत, पण आपण काय शोधलं हे आपल्या आईला कळेल अशा मराठीत एकानंही लिहिलेलं नाही. सोळा पानी पुस्तिका, किंमत दहा रुपये, पहिल्या वेळी प्रत्येकी पाचशे प्रती. माझी मी लिहायला घेतली आहे, विषय विहिरीच्या पाण्यातला फ्लोराइड. वनस्पतिशास्त्रातला एक आणि संख्याशास्त्रातली एक अशी दोघं कबूल झाली आहेत. आणखी सात हव्यात. मजकूर नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत ह्या पत्त्यावर पाठवावा. कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात. छपाईचा वाटा लेखकाकडून घेतला जाणार नाही.